शुक्रवारचा वास

सकाळी ६.४०

कूलंटवरच्या इंग्रजी पुस्तकांत सोमवारच्या सकाळच्या वासाचा उल्लेख हमखास असतो. भोसरीत तो वास शुक्रवारी येतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बुधवारी मध्यरात्री दुसरी शिफ्ट सुटते, पंप बंद होतात आणि शुक्रवारी सकाळी सातपर्यंत मशीनखालच्या टाक्यांतलं दुधाळ पाणी, म्हणजे कूलंट, हलत नाही. एकतीस तास.

आज शटर वर केलं तेव्हा वास होता, पण दारापर्यंत आलेला नव्हता. म्हणजे सगळ्या टाक्या बिघडलेल्या नाहीत, एखादीच आहे. मी एकेका मशीनपाशी जाते आणि वाकून हुंगते. मेंटेनन्समध्ये नाकाचं इतकं काम पडतं हे डिप्लोमाला कोणी शिकवलं नव्हतं. एक, दोन, तीन ठीक. चार नंबरच्या व्हीएमसीपाशी (उभं मशीनिंग सेंटर) सडक्या अंड्याचा वास.

कारण टाकीत डोकावलं की दिसतं. मशीन चालू असताना स्लाइडवेचं तेल आणि हायड्रॉलिकचं तेल थेंबाथेंबाने कूलंटमध्ये उतरत असतं. पंप थांबला की ते वर येऊन तपकिरी साय धरतं आणि खालच्या कूलंटला हवा मिळेनाशी होते. हवेशिवाय जगणारे जिवाणू मग जोर धरतात. त्यातले काही कूलंटमधल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच हा वास. वासाबरोबर आम्लंही तयार होतात. ती कूलंटचा अल्कलीपणा खातात, मग गंज धरायला लागतो आणि शेवटी पाणी आणि तेल वेगळं होतं. त्यालाच शॉपमध्ये कूलंट फुटलं म्हणतात.

दोन आणि तीन नंबरच्या टाक्यांत मी माशांच्या टाकीला लावतात तो छोटा हवेचा पंप सोडून ठेवते. सुट्टीभर बुडबुडे येत राहतात, तेवढ्यावर भागतं. चार नंबरलाही एक होता. त्याची पिन आज काढलेली दिसली आणि त्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर. कोणाचा, ते मी विचारत नाही. पिन परत लावते आणि सॉकेटवर लाल टेप चिकटवते.

मी सातच्या आधी येते त्याचं कारण मात्र वास नाही. ज्या शांततेमुळे जिवाणू वाढतात त्याच शांततेत तेल पूर्ण वेगळं होऊन वर आलेलं असतं. आठवड्यात तेल काढायला याहून चांगली वेळ नाही. पंप सुरू झाला की ते तेल त्यात घुसळलं जातं, बारीक थेंब होऊन कूलंटमध्ये मिसळतं आणि मग कोणत्याही स्किमरच्या हाती पुरतं लागत नाही. आमच्याकडे चाकांवरचा एक पट्टा-स्किमर आहे. पट्टा टाकीत उतरतो, तेल अंगाला लावून वर येतो, वरची पाती ते खरवडून डब्यात सोडते. हेल्पर तो आधी चार नंबरला लावतो. ज्या टाकीत स्किमर शिरत नाही, तिथे तेल शोषणाऱ्या चादरीचे तुकडे पसरतो.

"ताई, आज डबा भरला," तो सांगतो. एका मशीनमधून एवढं तेल निघालं ही त्याला चांगली बातमी वाटते. मला नाही वाटत. ते तेल कुठून आलं, हे अकरा वाजता बघायचं आहे.

७.१५

पंप दहा मिनिटं फिरू द्यायचे आणि मग नमुना घ्यायचा. तोही नोझलमधून. टाकीत वरवर बुडवलेला नमुना तेलकट येतो आणि खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर आधी साध्या पाण्याने शून्यावर आणायचा, काच पुसायची, एक थेंब, वरचं झाकण, आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची हद्द जिथे येईल तो आकडा. हद्द पुसट दिसली तर आकडा लिहिण्याआधीच कळतं की तेल मिसळलेलं आहे.

मीटरवरचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. मीटर मुळात साखरेच्या द्रावणासाठी आखलेला, म्हणून प्रत्येक कूलंटचा आपला गुणक असतो आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. आमच्या सध्याच्या कूलंटचा दीड. मीटरवर पाच दिसलं की साडेसात टक्के. कूलंटचा ब्रँड बदलला आणि भिंतीवरच्या कागदावरचा गुणक तसाच राहिला, तर अख्खं शॉप महिनोन्महिने चुकीच्या पाण्यावर चालतं आणि टूल लवकर जातात म्हणून इन्सर्ट पुरवणाऱ्याला बोल लागतात.

ओतीव लोखंड आणि साध्या पोलादाच्या जॉबला आम्ही सहा ते आठ टक्के धरतो. ग्राइंडिंगला तीन-चार पुरतात. स्टेनलेसला टॅप मारायचा असेल तर दहापर्यंत न्यावं लागतं. आज दोन नंबर सात टक्के, उत्तम. पाच नंबर आठ. सहा नंबरच्या लेथवर तीन.

तीन म्हणजे बुधवारी रात्री कोणीतरी पाइप लावून नुसतं पाणी भरलेलं आहे. जॉबवर दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके येतात ते याच मशीनवरचे. आधी मला वाटायचं ऑपरेटर आळस करतात. मग एकदा मुद्दाम दुसऱ्या शिफ्टला थांबून बघितलं. कूलंट मिसळायचा ड्रम शॉपच्या त्या टोकाला, पाण्याचा पाइप मशीनच्या मागे हाताशी. पातळीचा अलार्म वाजतोय, सायकल थांबलीय, बोर्डावर टार्गेट लिहिलंय. अशा वेळी कोणीही पाइपच उचलेल. त्यावर सूचनाफलक लावून काही होत नाही. तयार कूलंटचा एक ड्रम लेथच्या रांगेत आणून ठेवला. या आठवड्यात तो रिकामा झाला आणि कोणी भरला नाही, म्हणून आजचे हे तीन.

टक्केवारीनंतर पीएच. पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा. ताज्या कूलंटचा पीएच नवाच्या थोडा वर असतो. साडेआठच्या खाली उतरला की जिवाणू जिंकायला लागले असं समजायचं. साडेनवाच्या बराच वर गेला तर ऑपरेटरच्या हातांना त्रास होतो आणि ॲल्युमिनियमवर डाग पडतात. चार नंबरचा आज ८.२.

कटिंगच्या पाण्यात अल्कली घालण्याची गोष्ट जुनी आहे. फ्रेडरिक टेलरने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेतल्या मिडव्हेल स्टीलमध्ये बघितलं की जिथे चिप सुटते तिथेच पाण्याची जाड धार सोडली तर कटिंगचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो. मिडव्हेलच्या नव्या शॉपमध्ये मग सोडा मिसळलेलं पाणी नळाने मशीनमशीनला पोचवलं गेलं. नुसत्या पाण्याने मशीन गंजलं असतं, म्हणून सोडा. हे सगळं त्याने १९०६ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या सोसायटीपुढे वाचलेल्या आपल्या मोठ्या निबंधात लिहिलं आहे. धातू कापण्याच्या शास्त्राला तिथून वळण लागलं असं शिकवतात. मला त्यातला सोडाच जास्त आवडतो.

८.१०

चार नंबर आज रिकामं करायचं ठरलं. प्रॉडक्शनवाल्या सरांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडतो, पण मशीन आत्ताच बंद नको आहे हे ऐकून परत उजळतो. टाकी धुण्याचं क्लीनर चालू कूलंटमध्येच घालायचं असतं. ते काही तास कूलंटबरोबर पाइप, नोझल, बेडचे कोपरे सगळीकडून फिरतं आणि आत चिकटलेला बुळबुळीत थर सोडवतं. तोवर जॉब चालू राहतो. साडेतीनला शिफ्ट बदलताना काढू. हातमोजे घालून मी मोजून ओतते, पत्रकात लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं तर साफ जास्त होत नाही, फेस होतो.

८.३०

आता मिसळायचं काम. यात एकच नियम असा आहे जो मी नव्या हेल्परला पहिल्या दिवशी करून दाखवते: ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात ढवळत ढवळत कूलंटचं ऑइल. उलट केलं, ऑइलमध्ये पाणी ओतलं, की पाण्यात तेलाऐवजी तेलात पाणी अडकतं आणि श्रीखंडासारखा गोळा तयार होतो, जो नंतर कितीही पाणी घातलं तरी सरळ होत नाही. एक पेला मुद्दाम तसा बिघडवून दाखवला की तो नियम आयुष्यभर लक्षात राहतो.

पाणी कोणतं, हा त्याहून मोठा प्रश्न. एमआयडीसीच्या नळाला पवनेचं पाणी येतं, ते सौम्य आहे. आवारातल्या बोअरचं जड. पट्टीवर ३०० पीपीएमच्या आसपास. आता हिशेब असा. दोनशे लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला वीस लिटर पाणी उडून जातं असं धरू. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. तेवढंच बोअरचं पाणी भरलं तर टाकीचं जडपण रोज ३० पीपीएमने वाढणार. महिन्याभरात ते हजाराला टेकेल. चिप आणि जॉबबरोबर थोडं कूलंट बाहेर जातं म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी भरतं, पण दिशा तीच. क्षार वाढले की कूलंटमधला साबणासारखा भाग त्यांच्याशी जोडला जाऊन चिकट मळी होते, नोझल तुंबतात आणि शेवटी तेल सुटं होतं. कूलंट खराब निघालं म्हणून कंपनीला फोन करणाऱ्या कित्येक शॉपनी आधी पाण्याची पट्टी बुडवून बघायला हवी.

म्हणून टॉप-अप आरओच्या पाण्याने आणि पहिली भरणी नळाच्या. अगदी मऊ पाण्यात नवं कूलंट फार फेसाळतं. थोडं जडपण असलं तर फेस बसतो.

आणि टॉप-अप कधीच पूर्ण टक्केवारीचं नाही. पाच नंबरची टाकी दोनशे लिटरची, आत्ता आहे एकशे साठ, टक्केवारी आठ. म्हणजे आत बारा लिटर आठशे मिली ऑइल आहे. मला दोनशे लिटर सात टक्क्यांचं हवं, म्हणजे चौदा लिटर. कमी पडतं एक लिटर दोनशे मिली, ते चाळीस लिटर पाण्यात. तीन टक्के. साधं पाणी भरलं असतं तर टक्केवारी साडेसहाच्या खाली गेली असती. नेहमीचं सात टक्क्यांचं भरलं असतं तर पुढच्या आठवड्यात ती चढत चढत नऊ-दहावर जाऊन बॅरल लवकर संपलं असतं. सहा नंबरला मात्र जाड मिश्रण दोन-तीन टप्प्यांत द्यावं लागेल.

सध्या जुलै. हवेतच इतकी ओल आहे की पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे टॉप-अप मेपेक्षा घट्ट लागतं. शिवाय पावसाळ्यात उघड्या जॉबला गंज लवकर धरतो म्हणून सगळीकडे टक्केवारी अर्ध्या-एक टक्क्याने वर ठेवते. एका ऋतूत बसवलेलं प्रमाण वर्षभर चालवलं की घोळ होतो.

१०.००

चहा. चार नंबरचा ऑपरेटर मनगट दाखवतो. लालसर पुरळ, बोटांच्या बेचक्यांत भेगा. "मॅडम, कूलंट बदललं का?" कूलंट तेच आहे. बदललंय ते त्याच्या आत असलेलं बरंच काही. जिवाणू, लोखंडाची बारीक भुकटी, मिसळलेलं तेल. ती भुकटी कातडीला ओरखडे पाडते आणि बाकीचं त्यातून आत जातं. तो खिशातल्या बनियन वेस्टच्या, म्हणजे चिंध्यांच्या, बोळ्याने हात पुसतो, तोच बोळा दिवसभर. बोळ्यात बारीक चिप अडकलेल्या असतात. हात कूलंटमध्येच धुवायची सवय वेगळीच.

त्याला नवं कापड, साबण आणि हाताला लावायचं क्रीम देते, आणि डॉक्टरांना दाखवायला सांगते. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत, हे त्याला माहीत आहे, पण मी परत सांगते.

मग एका कोपऱ्यातून प्रस्ताव येतो: "थोडं फिनेल टाकू का? वास जाईल." वास जाईल, खरं आहे. दोन दिवस. फिनेलसाठी ते कूलंट बनवलेलं नाही, ते फुटू शकतं, आणि तीच वाफ दिवसभर छातीत जाणार. जिवाणूनाशक म्हणून जे मिळतं तेही टाकीचे लिटर मोजून, कूलंट बनवणाऱ्याला विचारूनच घालायचं असतं. त्यातली काही हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात आणि ऑपरेटरच्या पुरळाचं कारण तेच होऊन बसतं. तेलाची साय तशीच ठेवून वरून औषध ओतणं मला पटत नाही. साय काढली, टक्केवारी राखली, तर ते क्वचित लागतं.

टाकीत आज आणखी काय सापडलं: बिडीचं थोटूक, गुटख्याच्या दोन पुड्या आणि चहाचा कागदी कप. जिवाणूंना साखर आवडते. गुटख्याबद्दल मी बोलायचं सोडलं आहे. टाक्यांना जाळीची झाकणं बसवून घेतेय.

११.००

सकाळच्या डब्यातल्या तेलाचा माग. हा दिवसातला मला सगळ्यात आवडणारा तास.

कूलंट आणि ल्युब्रिकंट यांची खाती आपण वेगळी ठेवतो. कूलंट प्रॉडक्शनचं, ऑइल मेंटेनन्सचं, दोन्हीची बॅरल स्टोअरची. प्रत्यक्षात दोन्ही एकाच टाकीत भेटतात. स्लाइडवेला जाणारं ६८ नंबरचं तेल परत येत नाही. पंप ठराविक मिनिटांनी थोडं तेल सोडतो, ते मार्गावर पसरतं, काम करतं आणि खाली ओघळतं. म्हणजे स्टोअरमधून जितकं ६८ निघतं त्यातलं बहुतेक सगळं कूलंटमध्ये जातं. स्टोअरचे काका रजिस्टर उघडून देतात. चार नंबरला आठवड्याला दोन लिटर, वर्षाला शंभर. शेजारच्या तशाच तीन नंबरला त्याच्या निम्मं.

"काका, हे कधीपासून?"

"मार्चपासून. मी म्हटलं पण होतं. पण आमचं कोण ऐकतं."

ल्युब पंपाच्या टायमरवर उत्तर सापडतं. मार्चमध्ये तेल कमी असल्याचा अलार्म सारखा येत होता, तेव्हा कोणीतरी दोन सोडण्यांमधली वेळ अर्ध्यावर आणली. अलार्मचं खरं कारण तुंबलेला फिल्टर होता, तो नंतर बदलला, पण टायमर तसाच राहिला. माहितीपुस्तिका बघून तो पूर्वपदावर आणते. मग मार्गावर बोट फिरवून बघते: तेलाचा पातळ थर हवा, ओघळ नको आणि कोरडेपणाही नको. तेल वाचवायच्या नादात स्लाइडवे कोरडा पडला तर शंभर लिटरच्या बदल्यात मशीन जाईल. म्हणून पुढचे काही दिवस रोज बोट लावायचं.

सहा नंबरच्या लेथवर चकच्या सिलिंडरपाशी हायड्रॉलिकची गळती आहे. सील मागवला आहे, आला की बदलू. तोवर खाली ट्रे, आणि ट्रेमधलं तेल परत टाकीत नाही. हे लिहून ठेवावं लागतं, कारण गाळून परत ओतायचा मोह फार. त्यात कूलंटचं पाणी मिसळलेलं असतं आणि हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला पाणी चालत नाही.

ग्राइंडरची फेरी झटकन होते. चुंबकी ड्रमवरची भुकटी खरवडलेली, कागदी फिल्टर पुढे सरकलेला. हॉबिंग मशीन नुसत्या तेलावर चालतं. त्यात पाणी नाही म्हणून वासही नाही, फक्त गाळण सांभाळायचं.

१.००

जेवण. डब्यात मेथी.

२.००

एक विक्रेता आला आहे. त्याच्याकडे एक बाटली आहे जी टाकीत ओतली की कूलंट कधीच बदलावं लागत नाही. मी त्याला खुर्ची देते, चहा देते आणि विचारते की जिवाणू मारल्यावर त्यांची मढी, लोखंडाची भुकटी आणि क्षार कुठे जातात. तो दुसरं माहितीपत्रक काढतो.

कूलंटला शेवट असतोच. तो किती लांब ढकलता येतो एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते लांब ढकलण्याचं एक कारण मागच्या शेडमध्ये उभं आहे: वापरलेल्या कूलंटचे ड्रम. ते पांढरट पाणी दिसतं, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, पण ते नाल्यात सोडता येत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा साधारण नव्वद दिवसांच्या वर साठवायचा नाही, आणि बाहेर पाठवताना फॉर्म १० भरून अधिकृत संस्थेकडेच द्यायचा. आपल्या भागात घातक कचऱ्याचं केंद्र रांजणगावला आहे. गाडी, प्रक्रिया, कागद, सगळ्याचे पैसे पडतात. म्हणजे विकत घेताना पैसे फक्त तेलाचे, पण फेकताना पाण्याचेही, घातक कचरा म्हणून. रात्री पावसाचा आडोसा घेऊन कोणी ड्रम आडवे करतं हे या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इथला उतार पवनेला नाहीतर इंद्रायणीला जातो. आळंदीच्या घाटावरच्या फेसाचे फोटो आले की सगळे हळहळतात. त्या फेसात शहराचं सांडपाणीही आहे, कारखान्यांचंही.

शेडमध्येच नवी बॅरल उभी दिसतात आणि वर पावसाचं पाणी साचलेलं. हे काकांना दाखवते. बॅरल घट्ट बंद असलं तरी श्वास घेतं. दुपारी आतली हवा गरम होऊन बाहेर पडते, रात्री गार होते तेव्हा बुचाच्या आट्यांमधून वर साचलेलं पाणी आत ओढलं जातं. हायड्रॉलिक ऑइल सील न फोडताच असं ओलं होतं. उपाय फुकटचा आहे: बॅरल आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून तेलाखाली बुडालेली राहतात. छपराखाली जागा असेल तर प्रश्नच नाही. आम्ही दोघं आणि हेल्पर मिळून चार बॅरल आडवी करतो. काका मला पोतं देतात, "तुम्ही हात घाण नका करू," म्हणतात आणि तोवर ते झालेलं असतं.

३.३०

चार नंबर थांबलं. क्लीनर दिवसभर फिरून झालं आहे. आता खरं घाण काम, आणि यात अर्धवटपणा चालत नाही. जुनं सडकं कूलंट थोडं जरी मागे राहिलं तरी नव्याला त्याच जिवाणूंचं विरजण लागतं आणि महिन्याभरात आपण परत इथेच उभे.

सक्शन पंपाने टाकी रिकामी होते. तळाशी चार बोटं गाळ, ओतीव लोखंडाची काळी भुकटी घट्ट बसलेली. हा गाळच जिवाणूंचं घर. वरून कितीही कूलंट बदला, हे तसंच राहिलं तर उपयोग नाही. हेल्पर फावड्याने काढतो, मी चिप कन्व्हेयरचं खालचं झाकण उघडते. तिथे अडकलेल्या चिपांचा गोळा आहे. टेलिस्कोपिक कव्हरच्या खाली, टाकीतल्या आडव्या पत्र्यांच्या मागे, परतीच्या नळीच्या वाकणात. सगळीकडे बोट घालून बघायचं. जिथे बुळबुळीत लागतं तिथे ब्रश. एका कोपऱ्यात गुलाबीसर काळी, कातड्यासारखी पापडी सुटून येते. ती बुरशी. ती जिवाणूंपेक्षा चिवट, नोझलच्या गाळण्या तीच तुंबवते.

धुवायचं ते साध्या पाण्याने नाही, एक-दोन टक्क्यांच्या पातळ कूलंटने. नुसत्या पाण्याने धुतलं तर नवं कूलंट येण्याआधी बेडवर गंज येतो. पातळ कूलंट पंपाने दहा मिनिटं फिरवून काढून टाकायचं, मग पुन्हा एकदा. प्रॉडक्शनवाले सर दोनदा येऊन घड्याळ बघून जातात. त्यांचं चुकत नाही. माझंही नाही.

चिपांच्या ट्रॉलीत साचलेलं कूलंट मी फेकत नाही. ट्रॉलीला तळाशी जाळी आणि नळ बसवलेला आहे. रात्रभर निथळलेलं गाळून, टक्केवारी बघून लेथच्या टाकीत जातं. ओल्या चिपांबरोबर भंगारवाल्याकडे जाणारं कूलंट हा आपल्याकडच्या शॉपमधला सगळ्यात बिनबोभाट खर्च आहे. भंगारवाला ओल्या चिपांना दर कमी देतो ते वेगळंच.

५.१५

नवी भरणी. नळाचं पाणी, त्यात सात टक्के ऑइल, ड्रममध्ये ढवळून. पंप सुरू. रीडिंग मीटरवर ४.७, म्हणजे सातच. पीएच ९.२. मशीनवरच्या कागदावर आजची तारीख, भरणीचे लिटर, ऑइलचा बॅच नंबर. शेजारी सकाळचे आकडेही राहू देते, लाल पेनात.

सकाळी चार आणि एक नंबरमधून जिवाणूंच्या चाचणीच्या पट्ट्या बुडवून घेतल्या होत्या. त्या कोमट डब्यात ठेवल्या आहेत, रविवारी वाचता येतील. चाराच्या पट्टीवर दाट ठिपके येणार हे चाचणीशिवायही माहीत आहे. मला एक नंबरचं बघायचं आहे. त्याला वास नाही, टक्केवारी ठीक, पीएच मात्र दोन आठवड्यांत ९.१ वरून ८.७ वर उतरला आहे. नाकाला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

६.००

दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर हाक मारतो. "मॅडम, फेस येतोय. नवीन कूलंट खराब आलंय का?"

टाकीत बघते. फेस आहे, पण पातळीची खूण उघडी पडली आहे. भरलेलं कूलंट नळ्यांत, कन्व्हेयरमध्ये, बेडवर पसरलं आणि टाकीतली पातळी उतरली. पंप आता कूलंटबरोबर हवा ओढतोय. शिवाय धुताना थोडं क्लीनर मागे राहिलेलं असणारच. आणखी तीस लिटर घालतो. हे टॉप-अप नाही, भरणीच आहे, म्हणून सातच टक्के. पंधरा मिनिटांत फेस खाली बसतो आणि तो पहिला जॉब लावतो.

"रात्री पातळी उतरली तर?"

"लेथजवळच्या ड्रममधलं घ्या. आत्ताच भरून ठेवलाय, तीन टक्क्यांचा. पाइपाचं पाणी नाही."

"पाइप तर दिसतच नाहीये, मॅडम."

"काकांकडे आहे. स्टोअरमध्ये. सही केली की मिळतो."